अप्पांची दाढ आणि तळघराचं सीलिंग

अप्पांनी माझ्या डोळ्यांदेखत जिप्सम बोर्डाचा तुकडा तोंडात टाकला, दाढेखाली धरून कचकन चावला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "वल हाय. परत पाठवा."

तुकडा घेऊन आलेला नांदेडचा सीलिंगवाला आ वासून बघत राहिला. बिचाऱ्याला त्याच्या कंपनीने बोर्ड आग कशी सोसतो, आवाज कसा गिळतो हे सगळं पढवून पाठवलं होतं. तो चवीला कसा लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी वर बघायला लागले. वर होता उघडा स्लॅब, त्याला लोंबणारे सांडपाण्याचे पाइप, आणि एका पाइपाच्या सांध्याखाली तारेने टांगलेला रंगाचा जुना डबा.

"म्याडम, हे काका नेहमी असंच करतात का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कधीकधी वास पण घेतात."

अप्पा म्हणजे माझे घरमालक. नेमकं सांगायचं तर तळघरमालक. लातूरच्या ज्या भागात दर दुसऱ्या भिंतीवर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या पोरापोरींचे फोटो लटकतात, त्या भागात त्यांची इमारत. इमारतीखाली तळघर. ते कशासाठी खोदलं हे अप्पांनाही ठाऊक नव्हतं. "गल्लीत समद्यांनी खोदलं, आम्हीबी खोदलं," असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. मग कित्येक वर्षं त्या तळघरात फक्त त्यांची बाज होती. दुपारचं ऊन टळटळायला लागलं की अप्पा जिन्याजवळच्या गार कोपऱ्यात बाजेवर उताणे पडायचे आणि स्लॅबकडे बघत राहायचे.

आणि मी? मी मूळची नांदेडची, लग्न होऊन लातूरला आलेली, एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. तिथे पुस्तकांपेक्षा कपाटांच्या किल्ल्याच जास्त सांभाळल्या. पुस्तकं वापरून खराब होतात असं प्राचार्यांचं मत होतं. शेवटी एक दिवस किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि ठरवलं, आपण मुलींसाठी अभ्यासिका काढायची. फक्त मुलींसाठी. कारण खेड्यांतून इथे डॉक्टर व्हायला येणाऱ्या पोरी कॉटबेसिसवर राहतात, आणि त्या कॉट बहुतेक पत्र्याखाली असतात. एप्रिल-मे महिन्यात पोरी डोक्यावर ओला टॉवेल ठेवून फिजिक्स करतात. गल्लीच्या टोकाला एक एसी अभ्यासिका होती, नाही असं नाही. पण तिच्यासमोर लागलेली मोटरसायकलींची रांग बघितली की गावाकडचा बाप पोरीला हाताला धरून परत न्यायचा. चाकूरच्या एका मुलीच्या बापाने तर मला तोंडावर सांगितलं होतं, "तुमची अभ्यासिका जूनला सुरू झाली तर हिला ठिवतो. न्हाईतर हिचं शिक्षण बास." ती मुलगी त्याच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे जे बघितलं ना, त्यानंतर माझी झोप गेली.

तळघर जागेला झकास होतं. एकच जिना, एकच दार, आणि बापरे काय गारवा! मी अप्पांना म्हटलं, पांढरा चुना मारू, ट्यूबा लावू, टेबलं टाकू, झालं. अप्पांना ते पटेना.

"उघडा स्लॅब? बाई, लेकरं काय गोदामातली पोती हायत का? चांगलं सीलिंग करून देतो मी. माझ्या पदरचं."

आयुष्यात पहिल्यांदा एक घरमालक आपणहून काहीतरी करून देतो म्हणत होता. मला चक्क गहिवरून आलं. ते गहिवरणं मला फार महागात पडलं.

कारण अप्पा काही साधे घरमालक नव्हते. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. शेतकऱ्याचा माल यायचा, व्यापारी घ्यायचा, आणि दोघांच्या मध्ये अप्पा बसायचे. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, ओंजळभर दाणे काढायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट आवाज आला तर माल वाळलेला, पचकन दबला तर वल, म्हणजे ओला. त्यांच्या दाढेने सांगितलेलं मोंढ्यात कुणी मोडायचं नाही, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे अप्पाच म्हणतात. पुढे पोरं पुण्याला आणि हैदराबादला कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली, आडत चालवायला कुणी उरलं नाही, तेव्हा ती मोडून अप्पा लातूरला इमारत बांधून मोकळे झाले. आडत गेली, दाढ राहिली.

आणि दाढ रिकामी कशी बसेल? डॉक्टरने दिलेली साखरेची गोळी अप्पा आधी चावून बघायचे. "चांगली वाळलेली हाय, घ्यायला हरकत न्हाई," असं म्हणाल्यावरच बाकीची स्ट्रिप अव्वांकडे जायची. अव्वा म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत त्यांना अव्वाच म्हणायची. केबलवाला आला तर, "आठ दिवस दाखव, मग बघू." एका भाडेकरूला त्यांनी अर्धं सामान आणून राहा म्हणून सांगितलं होतं. अर्धा संसार कसा करतो ते बघायचं, मग उरलेला येऊ द्यायचा.

माझाही नमुना घेतला होता. तळघर बघायला गेले तेव्हा त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि दुपारभर काहीही विचारलं नाही. नुसते बघत राहिले. मी दोन वेळा उठले, दोन्ही वेळा हाताने "बसा" केलं. शेवटी जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अव्वा, चहा टाक. बाई वाळलेली हाय. टिकंल." माझा आकार बघता हे विधान फार धाडसाचं होतं. पण बिनवासाचं, बिनकिडीचं माणूस असं त्यांना म्हणायचं होतं, हे अव्वांनी मला नंतर समजावून सांगितलं. तेव्हापासून मी स्वतःला त्याच भावात मोजते.

तर असा माणूस सीलिंग निवडायला बसला. अटी दोन. एक, प्रत्येकाने आधी नमुना लावून दाखवायचा. आणि दोन, बोलणी रुमालाखाली व्हायची. मोंढ्यात पूर्वी सौदा असाच व्हायचा. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. सगळी बोटं एकदम मुठीत धरून दाबली की सौदा पक्का. आता तळघरात बाजूला होतं कोण? मी आणि एक पाल. तरी रुमाल पाहिजेच.

पहिला आला पीओपीवाला. त्याने कोपऱ्यात वेली, फुलं, मध्ये कमळ असा एक तुकडा केला. अप्पा बाजेवर पडून तो तीन-चार दिवस बघत राहिले. "हितं लगीन लावायचं का अभ्यास करायचा? परत पाठवा." छताला चिकटवलेलं प्लास्टर परत कसं पाठवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते कमळ अजून तिथेच आहे.

मग पीव्हीसीवाला आला. त्याच्या चकचकीत पट्ट्यांत आपलं तोंड दिसत होतं. अप्पांनी त्याच्या हातावर रुमाल टाकून बोटं धरली, तर तो घाबरला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. त्याने उलट अप्पांची नाडी धरली आणि "अव्वा, पाणी आणा पाणी!" म्हणून बोंब ठोकली. त्याचा सौदा तिथेच फिसकटला. "ढाब्यावानी दिसतंय," हे कारण नंतर जोडलं गेलं.

मग चौकोनी टाइलांचं ग्रिड सीलिंग. मला ते बरं वाटलं होतं. टाइल वर ढकलली की निघते, आतले पाइप हाताशी येतात. अप्पा म्हणाले, "दवाखान्यात असतंय हे. वर बघितलं की वाटतं आपला नंबर कधी पुकारतेत." टाइल चावून बघितली आणि थू थू करत उठले. पुण्याहून अप्पांचा भाचा आला होता, आर्किटेक्ट. तो म्हणाला, काहीच लावू नका मामा, स्लॅब आणि पाइप काळे रंगवा, सध्या तीच फॅशन आहे. नमुना म्हणून त्याने एक चौकोन काळा करून दाखवला. अप्पांनी त्याला पोटभर जेवू घातलं, गाडीत बसवून दिलं आणि खाली येऊन म्हणाले, "बहिणीनं एवढा पैसा घालून लेकराला शिकिवलं, आन् ह्याला चूल पेटवल्यावानी छत करायचंय."

होळी गेली. पाडवा गेला. जिन्याजवळच्या कोपऱ्यात छताला गोधडीची कळा आली होती: कमळ, चकचकाट, दवाखाना, काजळी, सगळं शेजारीशेजारी. रोज कुणीतरी नवा माणूस बॅग घेऊन उतरायचा, अप्पा बाजेवर सरसावून बसायचे, अव्वांचा चहा यायचा, रुमाल निघायचा. आणि गल्लीच्या टोकाची एसी अभ्यासिका पोरींना वहीपेन फुकट वाटत होती.

एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अप्पा, परीक्षा पोरींना द्यायचीय, छताला नाही! काय एकेकाचा छळ मांडलाय तुम्ही!"

"घाई कामून करायलाव बाई? नवा माल हाय, जरा मुरू द्या."

"तोवर पोरी मुरतील गावाकडं! त्या चाकूरच्या पोरीचा बाप टपून बसलाय."

मी पाय आपटत जिना चढले, तर वर अव्वा उभ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ते सीलिंग न्हाईत बघायले, बाई," त्या म्हणाल्या. "बाजार भरवायलेत. उदगीर सुटल्यापासनं कुणी माल घेऊन दारात आलं नव्हतं त्यांच्या."

हे ऐकून माझा राग गेला असं मी लिहायला पाहिजे. नाही गेला. उलट वाढला, कारण आता मला तो धड व्यक्तही करता येईना.

पण माझं ओरडणं कुठेतरी लागलं असावं. नांदेडचा जिप्समवाला पुन्हा आला, नवीन बोर्ड घेऊन. अप्पांनी तुकडा दाढेखाली धरला. कट्ट. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाजलं बघा," म्हणाले. "हे घ्या." आणि त्या माणसाची सगळी बोटं रुमालाखाली मुठीत धरून दाबली. तो आता शहाणा झाला होता, त्याने हात काढला नाही.

काम चालू झालं. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर बोर्ड, सांधे बुजवून वर पांढरा रंग. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध. फक्त अप्पांच्या कोपऱ्यातली गोधडी तशीच ठेवली. "नमुने असू द्या," म्हणाले, "पुढं-मागं लागतील." काम चालू असताना अव्वा एकदा खाली डोकावून म्हणाल्या, "आवो, त्या डब्याचं काय करायचं?" अप्पा कौतुकाने वर बघत होते. "बघू डब्याचं," म्हणाले. मीही कौतुकाने वरच बघत होते.

आता तो डबा. तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांच्या मोरीचा पाइप तळघराच्या छताखालून जायचा आणि त्याच्या सांध्यातून पाणी ठिबकायचं. दुरुस्तीऐवजी अप्पांनी स्वतःच्या हाताने त्याखाली डबा टांगला होता, आणि पाण्याच्या दिवसानंतर अव्वा स्टुलावर चढून तो रिकामा करायच्या. लातूरला नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, न कळवता. म्हणून लोक तोटी उघडीच ठेवतात आणि खाली बादली ठेवतात. बादलीत धार वाजली की पळायचं. एरवी ठिबकायला पाइपात पाणी असतंय कुठे? ते येणार पाण्याच्या दिवशीच.

अप्पांनी सगळे नमुने तपासले ते बाजेवर पडून, जिन्याजवळच्या कोरड्या कोपऱ्यात. पाइप होते पलीकडच्या बाजूला. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि बुडाशी माती असते, हे उभं आयुष्य दुसऱ्याला सांगणारा माणूस स्वतःच्या तळघराचं फक्त तोंड बघून बसला होता. आणि डबा, भरायला सुरुवात झालेला, पांढऱ्याशुभ्र सीलिंगच्या वर कायमचा बंद झाला होता.

उद्घाटन ठरलं. मेच्या अखेरीला, सकाळी. प्रमुख पाहुणे हेडमास्तरच, कारण ते इमारतीतच होते आणि त्यांना हार आवडायचे. पोरी आल्या, पोरींचे बाप आले. चाकूरचा तो बापही हाताची घडी घालून मागे उभा राहिला. अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून, खांद्यावर रुमाल टाकून पहिल्या खुर्चीत. येईल त्याला वर बोट दाखवत होते.

हेडमास्तर वेळेचं नियोजन या विषयावर बोलत होते आणि संपवत नव्हते. तेवढ्यात नळाला पाणी आलं. वर त्यांच्या मोरीत बादलीत धार वाजली असणार. ऐकायला घरात कुणी नव्हतं, सगळे खाली त्यांचं भाषण ऐकत होते. बादली भरली, सांडली, मोरी वाहायला लागली. पाइप, सांधा, डबा. डबा आधीच्या पाण्याने तुडुंब.

आधी सीलिंगवर एक पिवळसर ठिपका दिसला. मग त्याची परात झाली. मग बोर्डाने पोट काढलं. पोरी एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. हेडमास्तरांना वाटलं, भाषण रंगलंय. "वेळ कुणासाठी थांबत नाही—" एवढं ते म्हणाले, आणि भलामोठा तुकडा पाणी, पांढरा चिखल आणि त्या डब्यासकट टेबलावर कोसळला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. हेडमास्तर मात्र हारासकट न्हाऊन निघाले, आणि तेही स्वतःच्याच मोरीच्या पाण्याने.

पोरी हसल्या. मोठ्याने, पोट धरून हसल्या. मलाही हसू आवरेना. मग मी अप्पांकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं. ते वर बघत नव्हते. खाली टेबलावर पडलेल्या डब्याकडे बघत होते. उठले, डबा उचलला, आणि जिना चढून गेले. दुपारी तळघराला कुलूप लागलं. किल्ली अप्पांच्या कमरेला.

मी वर गेले. तर म्हणाले, "बंद ऱ्हाऊ द्या. माझ्या नजरंच्या भरवशावर लेकरं बसवू नका."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. जून उजाडला. बॅचा सुरू झाल्या. पोरी कुलूप बघून जायच्या. चाकूरच्या मुलीने सांगितलं, "मॅम, पप्पा रविवारी न्यायला येणारेत." अव्वा एका दुपारी जिन्यात भेटल्या. "काल भाजीत मीठ न्हाई पडलं, बाई. खाल्लं गप. गोळी दिली, ती बी न चावता गिळली. मला भ्या वाटायलंय."

खरं सांगते, मलाही भीती वाटली. मला अप्पांचा संताप यायचा, त्यांच्या नावाने मी रोज बोटं मोडायचे, पण हा सगळ्याला "हाव, हाव" म्हणणारा म्हातारा मला अजिबात नको होता. मला चावरा अप्पाच हवा होता. आणि रविवार जवळ आला होता.

शनिवारी सकाळी मी ग्रिडवाला ठेवून गेलेली एक टाइल घेऊन वर गेले. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"अप्पा, हा माल बघा."

"तुम्हीच बघा. माझं आता काय खरं न्हाई."

"बरं, मग मीच बघते," मी म्हटलं. टाइलचा कोपरा मोडला आणि तोंडात घातला. अहाहा! खडू, धूळ आणि जुन्या वर्तमानपत्राचा लगदा, यांचं मिश्रण कसं लागत असेल, तसं लागलं. मी समोरच्या दातांनी तो उंदरासारखा कुरतडला, मान डोलावली आणि म्हणाले, "उत्तम आहे. चांगला वाळलाय. सगळ्या तळघराला हेच लावून टाकते."

अप्पांनी मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं, ती घृणा होती. शुद्ध, जिवंत, मोंढ्यातली घृणा.

"असं चावतेत व्हय?" ते ओरडले. "म्होरच्या दातानं? शेंगा खायलाव का? दाढंला धरायचं, दाढंला! आन् कान द्यायचा! द्या इकडं!"

हातातून टाइल ओढून घेतली. कोपरा मोडला, दाढेखाली धरला, डोळे मिटले. दारात अव्वा उभ्या, पदर तोंडाला लावून.

"थू!" अप्पा म्हणाले. "भुसा हाय निव्वळ. परत पाठवा!"

अव्वा रडायलाच लागल्या. मी रडले नाही. माझ्या तोंडात अजून टाइल होती.

"मग अप्पा, वर काय लावायचं?" मी विचारलं.

कोपऱ्यात तो डबा होता, त्याच्याकडे बघून म्हणाले, "आत्ता काय बी न्हाई. नमुने सोडून राहिलेलं समदं काढून टाका. सांधा बदलून घेतो, आन् डबा बी टांगतो परत. डोक्यावर काय हाय ते लेकरांना दिसू द्या. चांगला माल आला की बघू." मग खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि खालून माझी सगळी बोटं मुठीत धरून दाबली. दुसऱ्या हाताने कमरेची किल्ली काढून दिली.

रविवारी चाकूरचा बाप आला तेव्हा त्याची मुलगी उघड्या स्लॅबखाली टेबलाशी बसलेली होती. त्याने वर पाइपांकडे बघितलं, जिन्याजवळ बाजेवर पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या अप्पांकडे बघितलं, आणि पोरीजवळ शेवेची पिशवी ठेवून निघून गेला. ती मुलगी आता उदगीरला डॉक्टर आहे. दातांची. अप्पांना याचा कोण आनंद झाला होता!

सीलिंगवाले येतच राहिले, अगदी शेवटपर्यंत. लातूरच्या सीलिंगच्या धंद्यात आमच्या तळघराचं नाव झालं होतं. नवीन पोऱ्या कामाला लागला की जुने त्याला मुद्दाम आमच्याकडे धाडायचे. अप्पा चावायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "परत पाठवा." हळूहळू पोरींनाही सवय झाली, आणि जाणारी बॅच येणाऱ्या बॅचला ती देऊन जायला लागली. कुणाचे मार्क कमी आले, कुणाला स्थळ सांगून आलं, की बाकीच्या वह्यांतून डोकं न काढता म्हणायच्या, "परत पाठवा."

अप्पा गेल्या थंडीत गेले. बाज मी काढलेली नाही. कुणी बसत नाही तिच्यावर. मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवण आली की रागही येतो, कारण एवढं सगळं करून त्या माणसाने सीलिंग काही ठरवलंच नाही.

परवा एक नवा पोरगा आला, हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीचा, हातात टॅब. लाकडासारखं दिसणारं, वजनाला हलकं, पाण्याने खराब न होणारं सीलिंग होतं त्याचं. पोरी अभ्यास करत होत्या. सगळ्या नवीन, या जूनला आलेल्या. त्यांतल्या एकीनेही अप्पांना पाहिलेलं नाही. मी त्याच्या हातातून नमुन्याचा तुकडा घेतला, दाढेखाली धरला आणि कान दिला. तो पोरगा आ वासून बघत राहिला.

"वल हाय," मी म्हटलं.

आणि पाइपांखालच्या सगळ्या टेबलांवरून, वर न बघता, एका आवाजात आलं, "परत पाठवा."